ढब्बूचा ट्रक

नाही, नाही, दादा, एवढ्यात बंद करू नका, थोडा वेळ — जेवायला जायचंय तुम्हाला, कळतंय मला, पण हा गेम आत्ता बंद झाला ना, तर तो निघून जाईल — कोण म्हणजे? माझा भाऊ. तो बघा, निळा ट्रक. वर नाव दिसतंय, ढब्बू. हसू नका, मीच ठेवलंय ते, लहानपणी गुबगुबीत गाल होते ना त्याचे, चिडायचा नुसता. आणि तरी अजून तेच नाव लावतो. आमचा राग असता तर बदललं नसतं? बदललं असतंच की!

नेट कॅफे म्हणजे तुमचा धंदाच हा, तुम्हाला काय सांगायचं — ट्रक चालवायचा साधा गेम, पण आम्ही दोघांनी त्यात आमची गल्ली घातली. मॉड म्हणतात ना, तोच. रस्ते, वळणं, विजेचे खांब त्याचे, दुकानांच्या पाट्या माझ्या. ती बघा, 'सायकल दुरूस्ती' — रु चुकलाय माझा. परवा नवऱ्याच्या मोबाइलवर चोरून शोधलं, तर मॉड जिवंत! अख्खी गल्ली त्याने नव्याने केलीय, भिंतींचे पोपडेसुद्धा, पण माझी चूक तशीच ठेवलीय. का ठेवली असेल, सांगा ना? — चोरून का म्हणजे... आमच्याकडे बायकांनी असलं काही केलेलं चालत नाही. आमच्याकडे म्हणजे तिकडे, नवऱ्याकडे. लग्न झालं आणि माझं हे सगळं सुटलं. मागाहून बाबांनी ढब्बूचा कॉम्प्युटर जिन्यावरून खाली टाकला, त्याच दिवशी हा घराबाहेर पडला. नंबर बदलला. किती वर्षं झाली, कुठे आहे, काय खातो, कुणाला पत्ता नाही.

आणि आमचं घर बघा — शिंप्याच्या पलीकडे — नाहीच. रिकामा प्लॉट. जिना, खिडक्या, सगळं पुसून टाकलंय त्याने. सकाळपासून माझा ट्रक तिथे लावून बसलेय, आणि आत्ता हा आला तो बरोब्बर तिथेच येऊन थांबला! 'कोण?' म्हणून विचारलं. मी लिहिलं, 'ताई.' तर म्हणतो, 'बाबांनी पाठवलं?'

काय लिहू आता? आई आजारी आहे लिहू? धावत येईल — नाही हो, आई ठणठणीत आहे. मग खरं काय लिहू? ही बॅग... हो, माझीच. कुठे चाललेय? कुठे नाही. काल निघाले. आधी बाबांकडेच गेले होते, तर दाराची साखळीसुद्धा काढली नाही त्यांनी, फटीतूनच म्हणाले, 'संध्याकाळची गाडी आहे, परत जा.' मागे आई उभी होती. रात्र स्टँडवर काढली. आता तिकडे नवऱ्याकडे परत गेले तर ते मला — हा हात? पडले मी. जिन्यावरून. सांगतेय ना, पडले! असे काय बघताय?

बरं. नाही पडले.

थांबा, लिहिते. 'नाही. मी घर सोडलंय. मला कुणी नाही.' — गेलं? गेलं ना? ट्रक हलत नाहीये त्याचा. वाचतोय. वाच रे बाबा — आलं! 'कुठे आहेस?' दादा, इथला पत्ता सांगा, दुकानाचा — नाही, तुम्हीच टाइप करा, एका हाताने मला जमत नाहीये, लवकर करा हो — नीट लिहा, खूण लिहा काहीतरी, कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे ते लिहा —

गेला. पत्ता गेला, पण ट्रक कुठे गेला? नाव पण दिसत नाही. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही, काहीच नाही. नेट गेलं का तुमचं? नाही? बघा ना नीट. नाही.

करा बंद. नको, खुर्ची नको, मी बाहेर पायरीवर बसते. पत्ता इथलाच दिलाय ना आपण, मग मी कुठे जाऊ? तुम्ही जेवायला जा, दादा. जा म्हणतेय ना.