गणपतीच्या शाळेतली भारी लाइट

अगो, लाइट वाढवली काय बरा दिसता, असा तुमका वाटता मा? मग आमच्या ह्यांचा आयका.

आमची गणपतीची शाळा घराच्या गॅरेजात. पावसात गाडी भायर भिजता आणि मूर्ती आत सुकतत. औंदा डोळे आखूक बसले काय हे करवादत, "माजी नजर बरी आसा, उजेडच कमी." म्हणान जुन्या ट्युबीच्या जोडीक समोर दोन नवीन इल्यो. मग मांडवात लावतत तसलो फोकस. गॅरेज असा लखलखला की शेजारीण विचारूक इली, "लगीन कोणाचा?" आणि हे म्हणतत, "गो, आता तर सगळाच पांढरा दिसता."

चतुर्थी आठ दिवसांवर, आणि एकाव गणपतीक डोळे नाय. ह्यांका जेवाण जाईना. लोक मूर्ती नेतत ती ह्यांनी आखलेल्या डोळ्यांसाठीच.

हे आंघोळीक गेले तेवा मी फोकस आणि समोरच्यो ट्युबी बंद केलंय. पाठची जुनी तेवढी ठेवलंय. सांगलंय, "वायरमन भारीतली लाइट बसवून गेलो."

हे बसले. एक डोळो आखलो, दुसरो आखलो. "गो, हिच्यात कसा निवळ दिसता. हीच आधी आणूक होयी होती."

"ती आपली जुनीच ट्यूब. माझ्या आयेक मोतीबिंदू झालो, तेवा तिकाव उजेडात असाच पांढरा दिसा."

ह्यांनी ब्रश खाली ठेवलो. मग हळूच म्हणाले, "चतुर्थी झाली काय डॉक्टराकडे जावया. पण गावात कोणाक सांगू नको."

मी खंय कोणाक सांगतंय? तुमी पाच जणीच काय त्या.