चाळीस सारख्या चटया

माहं माहेर बिरसीकडचं, लहानसं धानाचं गाव. गोंदिया तवा भंडारा जिल्ह्यात होता, स्वातंत्र्य भेटून सात-आठ वर्षं झाली असतीन. बाप दुसऱ्याच्या वावरात बटईनं धान करे, अन कापनी झाली का माय अन गावातल्या बायका सिंदीच्या पानाच्या चटया विनत, त्या गावचाच शेठ मिठातेलाच्या बदल्यात घेऊन जाय. मी गोंदियाले मामाच्या घरी राहून शिकून राहिली होती. नववीत गेली तं शाळेत नवा विषय निघाला, वाणिज्य, अन साऱ्या वर्गात पोरगी मी एकटीच. बाप म्हने, पोरीले दुकानदारी कायले शिकवून राहिले, शेठाची पोरं तं दुकानाच्या गादीवर बसूनच शिकतेत. काय सांगू तुमाले, मी पयलेपासून फटकळ, म्हटलं, माह्याजवळ गादी कुठी हाये, म्हनून तं मले शाळा पाहिजे.

मास्तर व्यापारी पत्र शिकवत. म्हनले, खोटं खोटं लिवू नका, खरं लिवा. मंग मी नागपूरच्या एका दुकानदाराले लिवलं, आमच्या गावच्या चटया, चार हात लांब, दोन हात रुंद, पक्क्या विनीच्या, अन मायनं विनलेली एक चटई नमुना म्हनून रेल्वेनं धाडली. अन बाप्पा, उत्तर आलं! चाळीस पाठवा, साऱ्या नमुन्यासारख्या, एक बी लहानमोठी निघाली तं सारा माल वापस. बाप म्हने, बरं हाये, पन माल वापस आला तं शाळा बंद, चैतात लगीन.

रविवारी गावाले गेली तं अकरा चटया तयार. एकीवर एक ठेवली तं एक बी दुसरीसारखी नाई. माय ठेंगनी, तिची चटई आखूड, शेजारची सोनाकाकी धिप्पाड, तिची वीतभर लांब. जिनं तिनं आपल्याच हातानं मोजलेलं, आमच्यात तसंच मोजत. चूक त्याइची नाई, माही होती, पत्रात ‘हात’ हे माप मीच लिवलं होतं, अन मास्तरानं पयल्याच धड्यात सांगितलं होतं का माप असं लिवा का घेनाऱ्याले अन देनाऱ्याले एकच समजे. रडली मी, खोटं कायले बोलू.

मंग दुसरं पत्र लिवलं, नमुना मोजून फूट-इंचात कळवा. कळवलं, सहा फूट अन तीन फूट. शाळेच्या फुटपट्टीनं बांबूच्या कमट्या मापून कापल्या अन घरोघरी वाटल्या. सोनाकाकी भडकली, काऊन वं, आमच्या हाताचा भरोसा नाई का? म्हटलं, हाये काकी, पन तुहा हात नागपूरले कसा धाडू? तवा हासली अन कमटी घेतली. त्या अकरा चटया घरोघरी निजाले कामी आल्या, अन चाळीस नव्या विनल्या.

माल गेला. आठ दिसानं, शनिवारी, मी गावाले आली. तवाच कार्ड आलं, डाकवाल्यानं चावडीपुढं मोठ्यानं वाचलं, साऱ्या चटया सारख्या, पसंत, आनखी शंभर पाठवा. बायकाइनं असा कल्ला केला का शेठ दुकानाबाहेर येऊन पाहून राहिला. जितली मी, जितली!

सोमवारी बाप शाळेतच आला. मास्तराले हात जोडून म्हने, गुरुजी, पोरीचं लगीन आता नाई करत, शिकवा तिले. अन ते फुटपट्टी मले बी वाचाले शिकवा, मी तं जलमभर वावर पावलानंच मोजलं. मास्तरानं त्याले बाकावर बसवलं, माह्या बाजूले, अन माहा बाप धोतर सावरत पट्टीवर बोट ठेवून एक, दोन, तीन म्हनाले लागला.

आता ऐंशी पार केली मी. लोक अजून इचारतेत, शाळेत धंदा कायले शिकवाचा? शिकवा म्हनते, साऱ्याइले शिकवा, ज्याइच्या घरी गादी नाई त्याइले पयले. तुमी बी सुखी राहा, अन हे लिवलेलं एखाद्या पोरीच्या बापाले वाचून दाखवा.