कैनाडच्या मावशी आणि दोन माश्या

कैनाडच्या बंधाऱ्यावर माझी एकदा चांगलीच फजिती झाली. सासरे जेवायला येणार होते आणि मासे मीच आणतो, असं सांगून बसलो होतो. जास्त मासे लागावेत म्हणून एकाच दोरीला पिसांच्या तीन नकली माश्या बांधल्या, तर तिन्ही एकमेकींत गुंतल्या. शेजारी गळ टाकून बसलेल्या एका मावशींनी शांतपणे गुंता सोडवला.

“दोनच ठेव,” त्या म्हणाल्या. “एक वर तरंगू दे, दुसरी खाली बुडू दे. मासा कुठं खातो ते कळेल.”

थोड्याच वेळात खालच्या माशीला मासा लागला. मी खुशीत पुन्हा दोरी टाकायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

“आता वरची काढ. मासा खाली खातो हे कळलं ना, मग ती कशाला?”

सासऱ्यांना पोटभर मासे वाढले, मावशींचं कौतुक करतच.