त्या खुर्चीत मीच बसले

माझं माहेर कासूचं. बापाची भातशेती, भात कापलं का त्याच रानात वाल टाकायचा, आमी पोरी वालाच्या शेंगा तोडतच मोठ्या झालो, शाळा बगितली न बगितली तवर मला रोह्याजवळ वरश्याला दिली. इथं जमीन एवढीशी, मंग आमचे हे रोह्याला कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचे नि मी तिथंच भांडी घासायची. ती खुर्ची त्या बंगल्यावरची.

काय सांगू तुमाला, मला ती पयल्यापास्नंच आवडली नाय. पाय कसे, तर मुतायला उभ्या ऱ्हायलेल्या गायीसारखे भाइर फाकलेले, पाठ मागं पडलेली, हात चपटे उलथन्यागत, बैठक पार खाली, आनि बसायला टेकायला वेत विनलेला. नक्षी म्हनून एक फूल नाय. साहेब त्यात बसला का लोळायचाच, उठायचं म्हनजे दोनी हात रोवून कुथायचा. बसलेल्या मानसानं उठूच नये अशी ती केलेली.

साहेबाची बदली झाली, जाताना म्हनला, माळी, ही घेऊन जा. हे डोक्यावर पालथी घालून चालत आले, चारी पाय आभाळाकडं. सागाची हाय गो, म्हनले, आपल्या जल्मात मोडायची नाय. तेच तर झालं ना, मोडली नाय. घरात त्यात बसनार कोन, सासूसमोर मी बसनार? कोंबडी बसायची.

मंग सासूच्या अंगावरनं वारं गेलं. एक बाजू गेली, उकिडवं बसवेना, संडास तवा कुनाच्या घरात व्हता? ह्यांनी कोयती घेतली, खुर्चीचा वेत मधनं गोल कापला, खाली राखेचं घमेलं सरकवलं. झालं. सासू तिथंच बसायची, तिथंच जेवायची, तिच्यातनं तिला उठवायचीच कशी, बैठकच तशी. घान वेताच्या भोकाभोकात जायची, मी खराट्याची काडी घेऊन एकेक भोक टोकरायची, राख घासायची, पानी वतायची, वास काय जायचा नाय. हात धुवायची आनि त्याच हातानं भाकरी थापायची, घास तोंडाशी आला का वास. शी. आनि सासू म्हनायची, हळू कर गो, मी काय तुझं भांडं हाय? कधी वाकड्या तोंडानं हसायची, म्हनायची, साहेबाच्या खुर्चीत बसलेय बग. अशी वर्सं गेली, सांगन्यासारखं काय नाय त्यात.

ती गेली तवा मी ह्यांना म्हनलं, कुंडलिका नदीत नेऊन सोडा. हे म्हनले, सागाचं लाकूड हाय, आनि माळ्यावर टाकली. मंग हे गेले, माझा ल्योक गेला, खुर्ची ऱ्हायली.

आता घरात मी, सून सुरेखा, नातू परेश. नात सायलीचं आता लगीन झालं. तिला पेनचं स्थळ आलं तवाची ही गोष्ट. परेश कंपनीत शिफ्टला जातो, बाकीचा येळ मोबाइलात. माळा झाडताना त्याला ती घावली तर नाचायलाच लागला, आजी, असली डिझाईन मुंबईची लोकं शोधत फिरतात, पाय बग कसे तिरके, कुठं खिळा नाय. मी काय बोलायच्या आधी सुताराकडं टाकून आला. चकचकीत होऊन आली, नवा वेत, पालिस, आनि बसवली पुढच्या खोलीत. मंग मी त्याला सगळं सांगितलं. तो हसत सुटला. म्हनला, आजी, रंधा मारलाय, वेत नवा हाय, आता काय ऱ्हायलंय त्यात? सायलीला नको सांगू, ओकेल ती.

सुपारी फोडायला पेनचे पावने आले. सायलीची व्हनारी सासू अंगानं भरलेली, नवं लुगडं, गुडघे धरून आली. परेश पुढं, तुमी इथं बसा, ही आमची खास खुर्ची. ती वळली बसायला आनि माझ्या मनात आलं, परेशच्या पोटात काय ऱ्हानार नाय, आज ना उद्या कुनाजवळ तरी हसून बोलनार, तुमाला आमी कशावर बसवलं म्हायत हाय का. आनि मंग पोरीनं तिकडं जल्मभर आयकायचं, तुझ्या मानसांनी मला हागायच्या खुर्चीत बसवली.

मी उठले, तिच्या आडवी गेले, आनि बसले त्यात. पावन्यांसमोर कधी खालची चटई सोडली नाय मी. सुरेखा डोळे वटारती, परेश कानाशी म्हनतो, आजी, उठ, ते मानाचं हाय. मी म्हनलं, उठवत नाय. खोटं नव्हतं ते, पाठीवर मागं कलंडले व्हते, पाय जमिनीला टेकत नव्हते माझे. ती बाई म्हनली, बसू द्या हो, म्हाताऱ्या मानसांना हौस असते, आनि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मला बुडाखाली भोकच लागत व्हतं, नवा वेत असून. तेच घमेलं, तीच राख. चा पुढं आला, मी कप हातात धरून बसले, पियाला नाय. सुपारी फुटली. मंग मला उपसून काढली, एका बाजूनं सायली, दुसऱ्या बाजूनं तिची सासूच.

तेव्हापास्नं घरात ठरलं, आजीला खुर्ची आवडते. परेश रोज संध्याकाळी त्यात बसवतो, फोटो काढतो. मी बसते, कुनी इचारायला नको. आता माझे पाय चालत नाय, म्हनून त्याला बजावून ठेवलंय, उद्या माझ्या अंगावरनं वारं गेलं तर खाली जमिनीवर टाक, त्या वेताला कोयती लावू नको.

सायली पेनला बरी हाय. परवा तिची सासू आलेली, मी खालीच बसलेले, खुर्ची रिकामी, तरी तिनं हातानं प्लास्टिकची ओढली. म्हनली, ती नको, ती आजींची. म्हनलं, व्हय बाय, माझीच हाय. तू त्या प्लास्टिकवरच बस, सुखी ऱ्हा.