तिकडची फी

बीडच्या स्टँडवर चंद्रभागाबाई परळीच्या गाडीची वाट बघत होत्या, पण कान शेजारच्या बाकड्यावर होते. तिथं शिकवणी घेणारे गित्ते सर आणि किराणा दुकानवाले मन्मथअप्पा बोलत होते.

"अप्पा, तुमची रोहिणी महिनाभर शिकवणीला आली नाही?"

"नव्या क्लासला घातलं, सर. वर्षाचे पाच हजार."

"माझे तर महिन्याला पन्नासच होते."

"तेच तर! पन्नास म्हणलं की पाव्हणे हसतेत."

"जमतंय का तिला तिथं?"

"कुठलं! एका खोलीत शंभर पोरं. काईच समजंना. म्हणलं, संध्याकाळी सरांकडून समजून घेत जा."

"आणि फी?"

"फी तर तिकडं भरली की, सर!"

गाडी लागली. सरांनी पिशवी उचलली.

"उद्यापासून साडेसहाला पाठवा. नवी वही घेऊ नका. तिच्या जुन्या वहीत जागा आहे अजून."