बाजूची चौकट

फोटोग्राफर : ...दात भरलेत हो! आमच्या आईला खालचे दोन दात नव्हते, आणि या बिस्किटांच्या डब्यावर बघा, सगळी बत्तीशी चमकतेय. कंपनीनं फोटो चोरला तो चोरला, वर डागडुजी!

वकीलबाई : काका, आधी पाणी प्या. फोटो तुम्ही काढलाय हे मला दाखवता आलं पाहिजे.

फोटोग्राफर : चाळीस वर्षं माझ्या स्टुडिओच्या काचेत लागलाय. मागे माझा शिक्का आहे. अजून काय हवं?

वकीलबाई : शिक्का कोणीही मारेल. मूळ निगेटिव्ह आहे?

बायको : आणलीय मी. कडेला धरा हं, मध्ये बोट लावू नका.

फोटोग्राफर : ते खातं हिचं. मी टिपायचो, ही डार्करूममध्ये धुवायची, छापायची.

वकीलबाई : पट्टीवर तीन फोटो दिसतायत. मधला आपला. थांबा, मोबाईलवर उलटवून घेते, म्हणजे काळ्याचं पांढरं होईल... काका, या बाजूच्या चौकटीतला माणूस कोण?

फोटोग्राफर : असेल कोणी गिऱ्हाईक.

वकीलबाई : आजींच्या शेजारी उभा आहे. दोन्ही हातांनी पांढरी चादर ताणून धरलीय. तोंड हे एवढं उघडं.

फोटोग्राफर : बघू.

(तो फोन हातात घेतो, डोळ्यांजवळ नेतो.)

फोटोग्राफर : हा तर मी आहे.

वकीलबाई : आणि तिसऱ्या चौकटीतही तुम्हीच. मग मधल्या फोटोच्या वेळी कॅमेऱ्यामागे कोण होतं?

फोटोग्राफर : मीच! म्हणजे... चादर टाकली असेल, धावत गेलो असेन.

वकीलबाई : मधल्या फोटोच्या कडेलाही चादरीचं टोक आहे.

बायको : ते छापताना मी काढून टाकलं. बरं दिसेना.

वकीलबाई : आपोआप दाबलं जाणारं बटण होतं का?

फोटोग्राफर : छे हो, आमच्या त्या ठोकळ्याला कुठलं! अगं, तू गप्प का? बोल ना काहीतरी!

बायको : काय बोलू? आईंचा चेहरा अंधारात जात होता. तोंडावर उजेड पडावा म्हणून तुम्ही चादर धरलीत, त्यांना कसलीशी थाप ऐकवलीत आणि मला म्हणालात, दाब गं. मी दाबलं. तीनदा.

फोटोग्राफर : चाळीस वर्षं! येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत होतो, श्वास रोखला आणि टिपलं. आणि तू शेजारी बसून चहा ओतत होतीस?

बायको : पहिल्यांदा वाटलं, गंमत करताय. मग वाटलं, चारचौघांत कशाला. पुढे पुढे तुम्हाला खरंच तसं आठवायला लागलं. मग काय बोलणार?

फोटोग्राफर : वकीलबाई, कायद्यानं हा फोटो कोणाचा?

वकीलबाई : साधारणपणे, ज्यानं काढला त्याचा. पगारी माणसानं काढला तर मालकाचा; काकू तुमच्याकडे नोकरीला होत्या का?

बायको : नोकरीत सुट्टी असते हो.

फोटोग्राफर : कात्री आहे का इथे?

वकीलबाई : कशाला?

फोटोग्राफर : या दोन चौकटी कापल्या की उरला तो माझाच.

बायको : अहो!

वकीलबाई : काका, हे मी ऐकलं नाही.

बायको : मी ऐकलं ना! आईंना परक्यांनी दात लावले तर तुमचा केवढा तिळपापड झाला. आणि मला तुम्ही कात्रीनं उडवणार? द्या ती पट्टी इकडे. द्या म्हणते ना!

फोटोग्राफर : घे. घे बाई. माझ्या तोंडून कसं गेलं ते... माझं आयुष्यातलं एवढं एकच काम बरं होतं गं. बाकी सगळे अर्जावर चिकटवायचे चेहरे.

वकीलबाई : तक्रार कोणाच्या नावानं लिहू?

बायको : माझ्या.

फोटोग्राफर : हो. हिच्याच नावानं लिहा. मी सही करतो साक्षीदार म्हणून. दुसरं काय उरलं माझं त्यात?

बायको : फोटो नीट बघा. आई कुठे बघतायत?

फोटोग्राफर : खिडकीकडे. गालावर उजेड आहे की.

बायको : तो उजेड चादरीचा. खिडकी दुसऱ्या अंगाला होती. त्या तुमच्याकडे बघून हसतायत.