जावईबापूंचा हात

सासरे : जावईबापू, तो मणका आहे. त्याच्यावर उभं राहायचं नसतं.

जावई : उभा कुठे आहे बाबा? अंगठ्याने दाब देतोय.

सासरे : अंगठा होय? मला वाटलं, पाठीवर खुर्ची ठेवली.

जावई : दुखतंय का?

सासरे : छे. जन्मभर बस चालवली, आता म्हातारपणी शाळेची गाडी चालवतो. सगळे खड्डे याच पाठीने खाल्लेत. पण मला असा शोधत आलेला खड्डा हा पहिलाच.

जावई : परवा परीक्षा आहे. या वेळी नापास झालात तर पुन्हा मालिशच्या वर्गाला येऊ नका, असं बाईंनी सरळ सांगितलंय.

सासरे : मागच्या वेळी काय बिघडलं होतं?

जावई : ज्यांना मालिश केलं ते गृहस्थ म्हणाले, आता बरं वाटतंय.

सासरे : मग?

जावई : मी हात काढल्यावर म्हणाले.

सासरे : खरं बोलणारा माणूस दिसतोय. विम्याच्या ऑफिसात होतात तेव्हा लोकांच्या गळ्यात पॉलिसी मारायचात. ते बंद पडलं, तर आता थेट गळाच धरताय. प्रगती म्हणायची.

जावई : हे शिकायचं तुमच्या लेकीनेच सुचवलं. आणि सरावाला पाठ देतो, असं तुम्हीच म्हणालात.

सासरे : ती म्हणाली, बाबा, जेवणाच्या टेबलावर नुसतं पालथं पडून राहायचंय. पडून राहण्यात एवढे हाल असतात, हे मला काय माहीत? आणि तेल किती ओतताय? एवढ्यात माझी गाडी वर्षभर धावली असती.

जावई : थांबा जरा. बाई म्हणतात, अंगठ्याने, मनगटाने जोर करायचा नाही. एक पाय पुढे, एक मागे ठेवायचा आणि अंगाचं वजन तळव्यातून हळूच सोडायचं.

सासरे : मग सोडा की. का तेही कुठे गुंतवून ठेवलंय?

जावई : श्वास सोडा. आता सावकाश वर जातो. हात उचलायचा नाही, असंही त्या म्हणतात.

(टेबल बराच वेळ एका लयीत करकरतं.)

सासरे : हं.

जावई : काय झालं? जास्त होतंय?

सासरे : विचारून विचारून जीव घ्याल. चालू द्या. आणि बरं वाटलं हे लेकीला सांगू नका, डोक्यावर बसेल.

जावई : आता डावा हात वर घ्या, डोक्याशेजारी.

सासरे : उजवा घेतो.

जावई : उजवा झाला. डावा.

सासरे : डावा आहे तिथे बरा आहे.

जावई : बाबा, हात वर जातो ना?

सासरे : गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायलाही बाईंनीच शिकवलं का?

जावई : तेच सगळ्यात आधी शिकवलं. तुम्ही सैल सोडा, मी उचलतो.

सासरे : हळू. अरे, हळू. थांब.

जावई : खांद्याच्या वरही येत नाही. कधीपासून?

सासरे : थंडी सुरू झाल्यापासून. जोर लाव, सुटेल.

जावई : नाही लावणार.

सासरे : मघाशी पाठीवरून रोडरोलर नेलास, आणि आता लाज वाटते?

जावई : काय झालंय ते कळल्याशिवाय अशा सांध्यावर जोर करायचा नसतो. आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. गाडी कशी चालवता तुम्ही?

सासरे : चालवतो. वरचा गियर टाकायला हात पुढे जात नाही, म्हणून खालच्यावरच रेटतो. पोरांच्या आया खूश आहेत. म्हणतात, आजोबा किती सांभाळून चालवतात.

जावई : आणि ती सगळ्यात धाकटी? तिला उचलून आत बसवता ना?

सासरे : हल्ली तिची तीच चढते.

जावई : मोठी झाली?

सासरे : नाही.

जावई : बाबा, उद्या गाडी काढू नका.

सासरे : हे कोण सांगतंय? विमावाला, मालिशवाला की जावई?

जावई : विमावाल्याने तर कधीच सांगितलं असतं. मी सांगतोय.

सासरे : आणि गाडी सोडून काय करू? तुझ्यासारखा घरात बसू? तू बसून बघितलंयस. कसं असतं?

जावई : वाईट असतं. नोकरी गेल्यावर मी घरात बसलोच नाही. रोज कपडे घालून, डबा घेऊन निघायचो आणि तळ्याकाठच्या बागेत जाऊन बसायचो. हिला पत्ताही नव्हता.

सासरे : होता.

जावई : काय?

सासरे : माझी गाडी त्या बागेवरूनच जाते. मी बघितलं, आणि घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही काही बोलू नका. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल.

जावई : आणि रोज डबा भरून देत राहिली?

सासरे : देत राहिली.

जावई : ...खांद्याचं मी तिला सांगणार नाही. ते तुम्हीच सांगा. पण गाडीची किल्ली आत्ता माझ्याकडे द्या.

सासरे : सदऱ्याच्या खिशात आहे. ती कधी येते?

जावई : येईलच एवढ्यात.

सासरे : मग कंबर राहिलीय, तेवढी कर. आणि ती आली की मला उठवू नकोस. असाच पालथा पडून सांगतो.